लेकुरवाळीला खोली कोण देतं? (फुटपाथवरच्या आया, त्यांची लहान मुलं आणि मदत करणाऱ्या संस्था)

माटुंगावाली

बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. मी रोज सायनला उतरून चालत ऑफिसला जाते. गेल्या दोनेक महिन्यांपासून पुलाखाली एक बाई दिसते, वय असेल तेवीस-चोवीस, सोबत पावणेदोन वर्षांची मुलगी. नवऱ्याबरोबर जालन्याकडून नाक्यावरच्या कामाला आलेली, तो दिवाळीच्या आधी निघून गेला, परत आलाच नाही. भाड्याची खोली होती तिचं डिपॉझिट त्यानेच उचललं आणि ही पोरीला घेऊन रस्त्यावर.

परवा सकाळी बघितलं तर ती नळावर पाणी भरायला गेलेली आणि पोरगी रेलिंगला बांधलेली. पायाला जुन्या साडीची पट्टी, दुसरं टोक लोखंडाला. पट्टीच्या आत, घोट्याला काचू नये म्हणून, फडक्याची घडी घातलेली होती. मला आधी भयंकर राग आला, ती आल्यावर मी जरा मोठ्यानेच बोलले, तर म्हणाली, "ताई, नळ पलीकडं हाय, मधी गाड्या. हातात हंडा असला की हिला कसं धरू? सुटली तर गाडीखालीच जाईल ना." मला पुढे काही बोलता आलं नाही.

मी आतापर्यंत बिस्किटं, दूध, जुने कपडे, एकदा पाचशे रुपये दिलेत, आणि मला कळतंय की यातून काहीही हलत नाहीये. तिला काम मिळालं होतं, एका खानावळीत भांडी घासायचं, पण मालक म्हणाला पोर आणायचं नाही. मग पोर ठेवायचं कुठे? काम नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून पोर ठेवायला जागा नाही, पोर कडेवर म्हणून काम नाही. ह्यातून बाहेर काढणाऱ्या संस्था मुंबईत आहेत का, आणि त्या नेमकं काय करतात? कृपया ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी लिहा.

नाईटशिफ्ट

ताई, चांगला धागा. मी सहा-सात वर्षं रविवारी रात्री बेघरांसोबत काम करणाऱ्या एका गटाबरोबर फिरतो, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो.

सगळ्यात आधी एक विनंती, भावनेच्या भरात पोलिसांना किंवा कोणाला फोन करून "मूल बांधून ठेवलंय" असं सांगू नका. तिचं मूल आणि ती वेगळी होण्याची भीती ही रस्त्यावरच्या प्रत्येक आईच्या डोक्यात चोवीस तास असते, त्यामुळेच बऱ्याच जणी संस्थेच्या माणसालासुद्धा जवळ येऊ देत नाहीत. आम्ही पहिले तीन-चार रविवार नुसता चहा पितो, नाव पण विचारत नाही. १०९८ ही हेल्पलाईन मुलांसाठी आहे, १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली, मूल आजारी असेल, हरवलं असेल, कोणी त्रास देत असेल तर जरूर लावा. पण इथे मुलीला धोका आईपासून नाहीये, रस्त्यापासून आहे. दोघींना एकत्र उचलून जागा देणारं कोणीतरी हवंय. बाईसाठी १८१ आहे, तिथून सखी केंद्राचा, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा, पत्ता मिळतो.

निवाऱ्यांचं म्हणाल तर, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, वर्षभर आणि चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. त्याच जनगणनेत बेघर मोजले ते सत्तावन्न हजारांवर, आणि रात्री फिरणारा कोणीही सांगेल की एवढ्यावर भागत नाही, कारण मोजणीच्या रात्री जी बाई दुकानाच्या फळीमागे पोराला घेऊन झोपली होती ती कोणाला दिसणार? जे निवारे आहेत त्यातही कुटुंबाला एकत्र घेणारे फार कमी. पुरुषांचे वेगळे, मुलांचे वेगळे. लेकुरवाळीने जायचं कुठे हा तुमचा प्रश्न अगदी खरा आहे.

अंगणवाडीताई

मी ३१ वर्षं सेविका होते, आता रिटायर. माटुंगावाली, पहिलं काम सांगते ते उद्याच करा. मुलीला जवळच्या अंगणवाडीत घेऊन जा आणि वजन, उंची आणि दंडाचा घेर मोजून घ्या. दंडाला गुंडाळायची पट्टी असते, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळी, वर हिरवी. लाल आली तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना. रस्त्यावरची पोरं दिसायला गोबरी दिसतात कधीकधी, पायावर सूज असते ती, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडून तसाच राहतो. बघा जरा.

पत्ता नाही म्हणून हाकललं तर परत जा आणि बसून रहा. मी तरी माझ्या अंगणवाडीत कधी पत्ता बघून ताट वाढलं नाही. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचं मूल म्हणजे आपलं मूल, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. १९७५ पासून ही योजना चालू आहे, पण एक खोट पहिल्यापासून आहे, अंगणवाडी तीन-चार तासांची आणि आईचं काम आठ-दहा तासांचं. बारा-एक वाजता पोर घरी सोडायचं तर घर कुठे आहे? माझ्याकडे एक आई होती, ती दुपारी पोरगं घ्यायला यायची म्हणून तिची तीन घरची कामं सुटली. शेवटी मी त्याला संध्याकाळपर्यंत माझ्या घरी ठेवत होते, वर्षभर. नियमात बसत नव्हतं, पण काय करणार.

सायनलाच आहे तर अजून एक, सायन हॉस्पिटलच्या बालविभागात लाज न बाळगता जा. तिथे १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. अशक्त आयांची, दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं त्या दुधावर जगलीत. पुढे १९९९ मध्ये त्यांनीच स्नेहा ही संस्था काढली, धारावीत त्यांचं कुपोषणावर आणि घरातल्या मारहाणीवर दोन्हीवर काम आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र का, तर ज्या घरात बाई मार खाते त्या घरातलं पोर जेवत नाही, हे आम्ही सेविकांनी रोज बघितलंय.

स्पष्ट_बोलतो

कोणाला वाईट वाटेल पण माझा अनुभव सांगतो. आमच्या सोसायटीतल्या पाच-सहा जणांनी मिळून अशाच एका बाईला नालासोपाऱ्याला खोली करून दिली, डिपॉझिट आणि चार महिन्यांचं भाडं आम्ही भरलं, गॅस घेऊन दिला, भांडी दिली. दोन मुलं होती, लहान वर्षाचं. दीड महिन्यात बाई परत दादरला फूल मार्केटच्या बाहेर! आम्हाला इतकं लागलं ते, त्यानंतर आमच्यातल्या कोणी खिशात हात घातला नाही. मनापासून विचारतोय, ह्यांना घर नकोच असतं का?

नाईटशिफ्ट

दादा, तिचं काम काय होतं?

स्पष्ट_बोलतो

पहाटे मार्केटमध्ये फुलं निवडायची, मग गजरे करून विकायची.

नाईटशिफ्ट

मार्केट पहाटे चारला भरतं. नालासोपाऱ्याहून चारला दादरला पोचायला ती निघणार कधी, आणि दोन पोरं खोलीत कोणाच्या भरवशावर ठेवणार? फुटपाथवर शेजारीण होती, ती लक्ष ठेवायची. तिने घर सोडलं नाही हो, तिने पोटाचं काम धरलं. तुम्ही केलंत ते मोठंच होतं, फक्त खोलीबरोबर पोरांची सोय राहिली.

फुटपाथवर राहणारा माणूस तिथे का राहतो हे सुप्रीम कोर्टानेसुद्धा १९८५ मध्ये लिहून ठेवलंय, ओल्गा टेलिस खटल्यात. काम जिथे तिथे माणूस झोपतो, जागा हिसकावली की रोजगार जातो आणि रोजगार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं. फुटपाथवर कायमचं राहू द्या असं काही कोर्टाने म्हटलं नाही, ते पण खरं.

भायखळ्याची_लेक

एरवी मी फक्त वाचते, आज राहवलं नाही.

मी फुटपाथवर जन्मले. भायखळ्याला. आईने मला वाढवलं ते बांबू आणि ताडपत्रीच्या आडोशात, उंची एवढीच की आई ताठ उभी राहू शकायची नाही. म्युनिसिपालटीची गाडी यायची तेव्हा आई पहिलं काय उचलायची माहितीये? मला नाही, रेशनकार्डाची पिशवी. मी पळू शकत होते, पिशवी पळू शकत नव्हती. मोठी झाल्यावर मला ह्याचा राग होता, आता कळतं.

८५ चा निकाल आला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता उठवणार. तेव्हा भायखळ्यातच स्पार्क ही संस्था नवीन होती, १९८४ ची, शीला पटेल आणि त्यांच्याबरोबरच्या बायका. त्यांनी बिस्किटं वाटली नाहीत. त्यांनी फुटपाथवरच्या लोकांची मोजणी केली, घरोघर, आणि मोजायला आमच्याच बायका. मग १९८६ मध्ये महिला मिलन, म्हणजे आमच्याच बायकांची बचतीची संघटना, उभी राहिली. रोज एक बाई सगळ्या झोपड्यांवरून फिरायची, एक रुपया, दोन रुपये, ज्या दिवशी नसेल त्या दिवशी नाही. आईला लिहिता येत नव्हतं तर पैसे कळायला रंगीत कागदाचे तुकडे असायचे. पोराला ताप आला, दवाखान्याला शंभर हवेत, तर सावकाराकडे न जाता तिथून मिळायचे. पण आई म्हणायची पैसे राहू दे, रोज कोणीतरी येऊन "कशी आहेस" विचारतंय हेच तिला पहिल्यांदा मिळालं.

आणि घर कसं हवं हे पण बायकांनीच ठरवलं. कापड आणि लाकूड घेऊन खऱ्या मापाचं घर उभं केलं, आत चालून बघितलं, चूल कुठे, पोरं कुठे झोपणार, छत उंच हवं म्हणजे पोटमाळा निघतो. पुढे मानखुर्दला मिलन नगर झालं. कितीतरी वर्षं गेली मध्ये, आई चाळिशी ओलांडून गेली होती. पहिल्या रात्री ती दार आतून लावून, परत उघडून, परत लावून बघत होती.

म्हणून त्या नालासोपाऱ्याच्या बाईबद्दल वाचून जीव तुटला. एकटीला उचलून लांब नेऊन ठेवलं की बाई घाबरते. शेजार लागतो. माटुंगावाली, तुमच्या बाईला एकटीला सोडू नका एवढंच.

वकिली_करते

वरची पोस्ट दोनदा वाचली. धन्यवाद ताई.

कागदांचं मी लिहिते, कारण रस्त्यावरून घरात जायची वाट कागदांवरूनच जाते. आधी मुलीचा जन्मदाखला. जन्म सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात झाला असेल तर नोंद तिथूनच झालेली असते, पण बहुतेक वेळा मुलाचं नाव घातलेलं नसतं, ते १५ वर्षांच्या आत घालता येतं. मग आधार, मग आईचं बँक खातं. मतदार ओळखपत्राबद्दल लोकांना माहितीच नाही, बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही, निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे अधिकाऱ्याने रात्री त्या जागी येऊन हा माणूस इथे खरंच झोपतो का हे बघायचं असतं. माझ्या दोन अशील बायांची कार्डं अशी झाली, पत्त्यात पुलाचं नाव आहे.

पैशांचं. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला महिना २२५० रुपये मिळतात, २०२३ पासून हा आकडा आहे, अर्ज जिल्हा महिला बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. संजय गांधी निराधार योजनेत विधवा आणि परित्यक्ता येतात, महिना १५०० रुपये, पण वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. दोन घरची धुणीभांडी केली तरी बाई त्या रेषेच्या वर जाते, आणि मुंबईत तेवढ्यात कोणाचंही भागत नाही. ही अट बदलायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे, मिळेल तिथे मी हे बोलते.

नवऱ्याने टाकलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात राहायचा हक्क आहे, पोटगी मागता येते, त्याचा पत्ता शोधावा लागेल. मजलिसमध्ये बायकांच्या केसेस बायकाच लढवतात, फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांनी सुरू केलेली संस्था, मुंबईतच आहे.

आणि मूल काढून घेण्याची भीती, त्यावर एवढंच की २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलाय, आधी कुटुंब. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. सरकारी आधारगृहात आईबरोबर मुलगी राहू शकते, मुलग्याला मात्र वयाची अट. पूर्वी स्वाधारगृहात ८ वर्षांपर्यंतच, आता शक्ती सदनात १२ पर्यंत. माझ्याकडे एक आई आली होती, मुलगा तेव्हाच्या अटीपेक्षा थोडाच मोठा, एका आधारगृहात सांगितलं मुलगी ठेवा, मुलगा बालगृहात द्या. ती दोघांना घेऊन परत स्टेशनवर गेली. मी तिच्या जागी असते तर मीही गेले असते.

क्रेनखालचा

मी सिव्हिल इंजिनिअर, साईटवरच आयुष्य गेलं. पाळणाघराचं कोणीतरी नीट लिहायला हवं म्हणून लिहितो, कारण माझ्या मते गाठ तिथेच सुटते.

मोबाईल क्रेशेस म्हणून संस्था आहे, १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केली, बांधकामाच्या जागेवर एक मूल धुळीत पडलेलं बघून. मुंबईत १९७२ पासून, आता मुंबई मोबाईल क्रेशेस स्वतंत्र आहे. माझ्या एका साईटवर त्यांचं केंद्र होतं. पत्र्याची खोली, आत ओळीने कापडी झोळ्या, तान्ही बाळं झोळीत, रांगणारी सतरंजीवर, मोठी अभ्यासाला. आया कामावरून मध्ये येऊन अंगावर पाजून जायच्या. मुकादम सुरुवातीला कुरकुरला, वेळ जातो म्हणून. महिन्याभराने तोच सांगायला लागला की बायका आता मागे वळून बघत नाहीत, काम पूर्ण होतं. आधी काय व्हायचं, चौथ्या मजल्यावर विटा नेणारी बाई दर पाच मिनिटांनी कठड्यावरून खाली वाकून बघायची, पोर कुठे आहे. ते बघताना आमच्या पोटात गोळा यायचा.

बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. ५० बायका एका कंत्राटदाराच्या नावावर दाखवायचं कोण? चार कंत्राटदारांत वाटून टाकायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या वेळी गप्प बसलो, त्याची टोचणी आजही आहे.

अंगणवाडीताई

बरोबर बोललात. आणि दिवसाचंच नाही, रात्रीचं पण. कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्थेने १९८८ मध्ये रात्रीचं पाळणाघर काढलं, आया धंद्यावर असताना पोरं तिथे जेवून झोपतात. आईच्या कामाची जी वेळ तीच पाळणाघराची वेळ. आपल्याकडे सगळं ऑफिसच्या वेळेत चालतं ना, तिथेच चुकतं.

स्पष्ट_बोलतो

वाचतोय सगळं. त्या बाईला शोधायला काल पहाटे मार्केटला गेलो होतो, भेटली. लहान मुलगा आता चालतो. मी तिला विचारलं काय हवंय, तर म्हणाली सकाळी चार ते नऊ पोरांना कुणीतरी बघा, बाकी मी बघते. पाच तास! आम्ही खोलीवर जे घालवले त्यात एका बाईचा पगार देऊन सात-आठ पोरं सांभाळून झाली असती. दादर-माटुंगा भागातल्या एखाद्या बालवाडीवाल्या संस्थेची जागा पहाटे रिकामीच असते, त्यांच्याशी बोलणार आहे. कोणाची ओळख असेल तर कळवा. देणगी देताना इथून पुढे मी दोनच गोष्टी विचारणार, पाळणाघर किती ते किती उघडं असतं आणि मुलगा मोठा झाला की आईपासून तोडता का.

माटुंगावाली

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशिराबद्दल माफी.

नाईटशिफ्ट दादांच्या गटातल्या दोघी येऊन तिच्याशी बोलल्या, तिसऱ्या भेटीत ती हसली. दंडाची पट्टी पिवळी आली होती, अगदी लालच्या काठावर, सायनला दाखवलं, औषध आणि खाऊ चालू आहे, वजन पहिल्या पंधरा दिवसांत ४०० ग्रॅम वाढलं. दोघींना बायकांच्या एका निवाऱ्यात जागा मिळालीये, तात्पुरती, तीन महिने. निवाऱ्याच्या मागेच एका संस्थेचं पाळणाघर आहे, आठ ते सहा. खानावळवाल्याला मी स्वतः जाऊन भेटले, तो म्हणाला पोर नसेल तर उद्यापासून ये. सोमवारपासून ती जातेय. पहिल्या दिवशी चारदा पाळणाघरात धावत जाऊन बघून आली म्हणे, मालक ओरडला, दुसऱ्या दिवशी दोनदा.

तीन महिन्यांनी काय, ते अजून माहीत नाही. डिपॉझिटसाठी तिने रोजचे वीस रुपये निवाऱ्यातल्या ताईंकडे ठेवायला सुरुवात केलीये, भायखळ्याच्या ताईंची पोस्ट मी तिला वाचून दाखवली होती.

जन्मदाखल्याचं मात्र अडलंय. जन्म मुंबईतच, पालिकेच्या प्रसूतिगृहात, नोंद सापडली पण नावाची जागा कोरी. एका कार्यालयात दोनदा गेलो, एकदा सांगितलं बापाला घेऊन या, दुसऱ्यांदा साहेब जागेवर नाहीत. मला ह्या महिन्यात आता रजा नाही. मंगळवारी परत जायचंय, तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतलीये, पैसे कापले जाणार. कोणी तिच्याबरोबर जाऊ शकेल का? नाव ठरलंय, इथे लिहीत नाही.

वकिली_करते

मी येते. बापाला आणायची गरज नाही, आई अर्ज करू शकते, मी बोलते त्यांच्याशी. किती वाजता?

माटुंगावाली

अकरा, गेटवर. मुलगी कडेवर असेल, त्या दिवशी पाळणाघर बंद आहे.

भायखळ्याची_लेक

पोरीला मी धरते. तुम्ही दोघी आत जा. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि प्लॅस्टिकची पिशवी मी घेऊन येते.